पहिले निसर्ग-एचिंग करताना: सॅम्युएल पामरच्या प्लेटवरून काळोख आणि उजेड शिकण्यासाठी

एचिंग शिकायला येणाऱ्या बहुतेकांचा चित्रकलेचा हात आधीच बसलेला असतो आणि सुरुवातीला नेमका तोच आड येतो. छटा गडद हवी असेल तर पेन्सिल दाबायची, ही वर्षानुवर्षांची सवय तांब्याच्या प्लेटवर निरुपयोगी ठरते. सुई कितीही जोराने दाबली तरी रेषेचा काळेपणा वाढत नाही. ती रेष आम्लात किती वेळ राहिली, यावर तो ठरतो. त्यामुळे रात्र, चंद्र, दाट झाडी आणि दूरवरचा एखादा दिवा असे रोमँटिक परंपरेतले निसर्गचित्र करायचे असेल, तर सुई हातात घेण्याआधी चित्रातला प्रत्येक भाग किती मिनिटांचा आहे हे ठरवावे लागते. हा लेख त्याच कामासाठी आहे. तुम्हाला रेखाटन येते, घरी छापयंत्र नाही आणि आम्लाची थोडी भीती वाटते, असे गृहीत धरून मी तो लिहीत आहे.

एचिंगची कल्पना थोडक्यात अशी. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर आम्लाला दाद न देणाऱ्या मेणाचा पातळ थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र काढून तांबे उघडे करायचे आणि पत्रा आम्लात ठेवायचा. उघड्या रेषा कुरतडल्या जाऊन खोल होतात. मग मेण काढून त्या खाचांत शाई भरायची, वरचा पृष्ठभाग पुसून घ्यायचा आणि ओलसर कागद दाबाखाली त्या खाचांत शिरवायचा. मराठी वाचकाला परिचित असलेली, लोणावळ्याजवळ मळवलीच्या छापखान्यातली राजा रविवर्म्याची चित्रे या जातीची नाहीत. ती दगडावरून छापलेली असत आणि तिथे खाचेचा संबंध येत नाही. हा फरक ध्यानात असला म्हणजे पुढच्या पायऱ्यांमागचे कारण आपोआप समजते.

१. आधी एक चित्र नीट पाहा

नमुना म्हणून सॅम्युएल पामर या इंग्लिश चित्रकाराचे ‘द लोन्ली टॉवर’ हे १८७९ चे एचिंग घ्या. ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या लंडनच्या दोन्ही संग्रहालयांत पामरची एचिंग्ज आहेत आणि त्यांची मोठी छायाचित्रे संगणकावर पाहता येतात.

पामर १८०५ मध्ये लंडनमध्ये जन्मला आणि १८८१ मध्ये सरे परगण्यातील रेडहिल येथे वारला. १८२४ मध्ये त्याची वृद्ध कवी-चित्रकार विल्यम ब्लेकशी ओळख झाली. रोमन कवी व्हर्जिलच्या गोपकाव्याच्या एका शालेय आवृत्तीसाठी ब्लेकने केलेली आणि १८२१ मध्ये छापलेली इवलीशी लाकूडकोरीव चित्रे पामरच्या मनात आयुष्यभर राहिली. इथे शिकणाऱ्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट आहे. लाकडावर कोरलेली रेष कागदावर पांढरी उमटते, म्हणजे कोरणारा काळोखातून उजेड काढत जातो. एचिंगमध्ये खोदलेली रेष काळी उमटते, म्हणजे कलाकार उजेडावर काळोख चढवत जातो. पामरला ब्लेकच्या चित्रांतला उजेड हवा होता आणि हातात माध्यम होते बरोबर उलट स्वभावाचे. १८५० मध्ये तो लंडनच्या एचिंग क्लबचा सभासद झाला, तेव्हा तो पंचेचाळिशीचा होता. पुढच्या तीस वर्षांत त्याच्या हातून अवघ्या तेरा प्लेट्स पूर्ण झाल्या. त्याच्या कामाचा वेग यावरून कळतो. पहिल्या प्लेटला तुम्हाला महिना लागला तर वाईट वाटून घेऊ नका.

‘द लोन्ली टॉवर’चा विषय इंग्लिश कवी मिल्टनच्या ‘इल पेन्सेरोसो’ या कवितेतून आला आहे. उंच एकाकी मनोऱ्यात मध्यरात्री दिवा जळतो आहे आणि अभ्यासक सप्तर्षी दिसेनासे होईपर्यंत जागा आहे, अशी ती कल्पना आहे. चित्रात क्षितिजाजवळ चंद्रकोर आहे, आकाशात तारे आहेत, टेकडीवरच्या मनोऱ्यात उजेड आहे आणि खाली मेंढरांजवळ बसलेले दोन मेंढपाळ त्या दिव्याकडे पाहत आहेत. मनोऱ्याचे रूप पामरने आपल्या घरातून दिसणाऱ्या लीथ हिलच्या मनोऱ्यावरून घेतले, असे मानले जाते.

आता चित्र मोठे करून सर्वांत गडद टेकडीवर नजर ठेवा. लांबून एकसंध काळा वाटणारा तो भाग जवळून पाहिल्यावर आडव्यातिडव्या रेषांचे जाळे असल्याचे दिसते आणि त्या जाळ्याच्या प्रत्येक छिद्रातून कोरा कागद डोकावत असतो. पामर त्यांना उजेडाचे हजारो डोळे मानत असे आणि ते विझू नयेत म्हणून प्लेटवर आणि छपाईत पराकाष्ठेची काळजी घेत असे. त्याच्या रात्री काळ्या असूनही जड वाटत नाहीत, याचे रहस्य या छिद्रांत आहे. पुढची प्रत्येक पायरी ती छिद्रे शाबूत ठेवण्यासाठी आहे, असे समजून वाचा.

इंग्लिश निसर्गचित्रकार टर्नरच्या ‘लिबर स्टुडिओरम’ या १८०७ ते १८१९ मधल्या चित्रमालेत मुख्य रेषा एचिंगने आणि छटा मेझोटिंटने, म्हणजे संपूर्ण पृष्ठभाग खरखरीत करून मग घासून उजळवण्याच्या पद्धतीने, आणल्या आहेत. तो रस्ताही सुंदर आहे, पण पहिल्या प्लेटला नको. राळेची पूड उडवून सपाट छटा आणणाऱ्या ॲक्वाटिंटचा मोहसुद्धा तूर्त टाळा. केवळ रेषेतून रात्र उभी करता आली की बाकीची तंत्रे पुढे सहज येतात.

२. साहित्य जमवा

• तांब्याचा पत्रा, एक ते दीड मिलिमीटर जाडीचा, साधारण १० बाय १५ सेंटिमीटर. मुंबईत पायधुनीच्या तांबा काट्यावर आणि पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत चौकशी करा. ओरखडे नसलेली बाजू पाहून घ्या. त्याच पत्र्याची बोटभर रुंद पट्टी चाचणीसाठी वेगळी कापून घ्या.
• हार्ड ग्राउंड, म्हणजे वर सांगितलेल्या थरासाठीचे मधमाशीचे मेण, ॲस्फाल्टम (डांबरासारखा पदार्थ) आणि राळ यांचे मिश्रण. ते गोळीच्या किंवा द्रवाच्या रूपात कलासाहित्याच्या दुकानात तयार मिळते.
• एचिंगची सुई, तांबे खरवडायचा स्क्रेपर, घासून गुळगुळीत करायचा बर्निशर, बारीक कानस, वॉटर पेपर.
• फेरिक क्लोराइड, म्हणजे तांबे कुरतडणारे रसायन; पुढे ‘आम्ल’ म्हटले आहे ते हेच. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सर्किट बोर्डासाठी विकले जाते, तेच चालते.
• चपडी लाख आणि स्पिरिट. सुतार फर्निचरला पॉलिश करायला वापरतात तीच.
• प्लॅस्टिकचे तीन पसरट ट्रे, रबरी हातमोजे, डोळ्यांवरचा चष्मा, घड्याळ.
• एचिंगची काळी शाई, खळ असलेले जाळीदार टार्लटन कापड, खडूची पूड, टर्पेंटाइन.
• छपाईचा कागद आणि टिपकागद.

दोन सापळे इथेच सांगतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात फेरिकशेजारीच तांबे चढवलेले सर्किट बोर्ड स्वस्तात मिळतात आणि पत्र्याऐवजी तेच घ्यावेत असे वाटते. घेऊ नका. त्यांच्यावरचा तांब्याचा थर साधारणपणे मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढाच असतो, त्यामुळे खोल रेष कुरतडली जाण्याआधीच तांबे संपते आणि गडद छटा कधीच मिळत नाही. दुसरा सापळा नायट्रिक आम्लाचा. जुने एचिंग करणारे ते वापरत आणि पामरही वापरत असे. पिसाने बुडबुडे बाजूला सारत रेष कशी खोल होते ते पाहण्यात एक आनंद आहे, हेही खरे. पण त्यातून निघणारा तपकिरी वायू फुप्फुसांना घातक असतो आणि घराच्या गॅलरीत तो सांभाळता येत नाही. शिवाय २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा आम्लांच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातल्यापासून खरेदीसाठी पत्ता असलेले सरकारी ओळखपत्र दाखवावे लागते, कारण सांगावे लागते आणि विक्रेता त्याची नोंद ठेवतो. अठरा वर्षांखालील व्यक्तीला ते विकताच येत नाही. सुसज्ज कार्यशाळेत, जाणकाराच्या देखरेखीखालीच नायट्रिक हाताळावे.

छापयंत्राची सोय आधी लावून मगच पत्रा कापा. जवळच्या कलामहाविद्यालयातील मुद्राचित्रण विभागात किंवा एखाद्या खासगी कार्यशाळेत ठरावीक दिवशी यंत्र वापरू देतात का, हे विचारा. प्लेट केव्हाही करता येते, पण ठसा काढल्याशिवाय तिची खरी अवस्था कळत नाही. त्यामुळे यंत्र मिळण्याचा दिवसच तुमचे वेळापत्रक ठरवतो.

३. उजेडाचा नकाशा काढा

विषय निवडताना चित्रात उजेडाचा एकच मुख्य उगम ठेवा: उगवता चंद्र, मावळतीचा पट्टा किंवा खिडकीतला दिवा. सह्याद्रीतली ओळखीची घळ असो की गावाबाहेरचा वड, त्याच्या पाठीमागून उजेड येत असेल तर झाडाची कड, पानांच्या फटी आणि जमिनीवरच्या सावल्या आपोआप जागा घेतात. भर दुपारचे दृश्य पहिल्या प्लेटला घेऊ नये. त्यात छटांची उतरंड सापडत नाही.

प्लेटच्या मापाचेच रेखाटन करा आणि त्यावर शाईच्या पातळ थरांनी सहा छटा ठरवा: कोरा कागद, फिकट, जराशी फिकट, मध्यम, गडद आणि सर्वांत गडद. प्रत्येक भागावर १ ते ६ आकडे लिहा. हा कागद तुम्ही शेवटपर्यंत समोर ठेवणार आहात. पामरने ‘द लोन्ली टॉवर’ची रचना तांब्यावर घेण्याच्या पुष्कळ आधी जलरंगात करून पाहिली होती, म्हणजे सुई हातात घेताना रचनेचा प्रश्न त्याच्यासमोर उरलेला नव्हता.

क्रमांक १, म्हणजे कोरा भाग, चित्रात फार थोडा ठेवा. चंद्र, दिवा आणि पाण्यावरची एखादी चकाकी एवढा पुरतो. ढगांना, रस्त्याला आणि मेंढरांच्या पाठींना नवखा माणूस हमखास कोरा कागद बहाल करतो आणि मग चंद्राला उजळायला जागाच उरत नाही.

४. प्लेट घासा आणि कडा उतरत्या करा

पत्र्याच्या चारही कडा कानसीने साधारण ४५ अंशांत उतरत्या करा. हे काम कंटाळवाणे आहे, पण धारदार कड यंत्रातले फेल्ट (कागदावर घालायचे जाड लोकरी कापड) कापते आणि कार्यशाळेतले लोक पुन्हा तुम्हाला यंत्राजवळ उभे करत नाहीत. मग ओल्या वॉटर पेपरने बारीक ओरखडे काढा.

तांब्यावरचा काळपटपणा चिंच आणि मीठ लावून काढता येतो, हे घरोघर माहीत आहे आणि इथेही ते चालते. मात्र चकचकीत झालेला पत्रा तेलकट नाही, असे समजू नका. त्यानंतर खडूची पूड आणि धुण्याच्या सोड्याचे पाणी एकत्र करून मऊ कापडाने पत्रा घासा, धुवा आणि तिरपा धरा. पाणी अखंड पडद्यासारखे ओघळले पाहिजे. कुठे पाणी फाटून थेंब होत असतील, तर तिथे अजून तेल आहे आणि तिथेच पुढे ग्राउंड सुटणार आहे. यानंतर पृष्ठभागाला बोट लावू नका.

पत्र्याच्या मागच्या बाजूला लाखेचा जाड हात द्या किंवा चिकटपट्टी पूर्ण लावा, नाहीतर फेरिक मागूनही तांबे खात बसते.

५. ग्राउंड द्या

गोळीचे ग्राउंड वापरत असाल तर पत्रा हॉट प्लेटवर इतकाच तापवा की गोळी टेकवल्यावर सहज विरघळेल आणि धूर निघणार नाही. मग रोलरने थर पसरवा. तो पातळ, सोनेरी तपकिरी दिसला पाहिजे. जाड थरात सुई अडखळते आणि पुढे तडे जातात.

नंतर पत्रा पकडीत उलटा धरून बारीक मेणबत्त्यांच्या जुडीची ज्योत खालून फिरवा, म्हणजे काजळी थरात मुरून तो काळा होतो आणि त्यावर उघड्या तांब्याची रेष स्पष्ट दिसते. ज्योत एका जागी थांबू देऊ नका. पत्रा थंड झाल्यावर पृष्ठभाग काळा आणि चमकदार हवा. एखादा भाग निस्तेज दिसला तर तिथे ग्राउंड जळले आहे. ते दुरुस्त करण्याच्या नादी न लागता सगळे टर्पेंटाइनने पुसून पुन्हा सुरुवात करा, कारण जळलेले ग्राउंड आम्लात टिकत नाही. द्रव ग्राउंड घेतल्यास ही सगळी यातायात टळते, मात्र ते पूर्ण वाळू द्यावे लागते, आणि पावसाळ्यात त्याला दुप्पट वेळ द्या.

६. चित्र उतरवा आणि सुई चालवा

ठसा आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा येतो, म्हणून रेखाटनही उलटे उतरवायचे. पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने चित्र गिरवा, तो कागद किंचित ओलसर करा, पेन्सिलीची बाजू खाली करून प्लेटवर ठेवा आणि हलक्या दाबाने यंत्रातून काढा. पेन्सिल काळ्या ग्राउंडवर चंदेरी उमटते. यंत्र हाताशी नसेल तर मूळ चित्र उलटे करून त्याखाली गेरू चोळलेला कागद ठेवा आणि वरून बोथट टोकाने गिरवा. चंद्राची कोर उलटी होते, हे विशेष लक्षात ठेवा. जाणकार प्रेक्षक ती वाढती आहे की उतरती हे पाहतो आणि संध्याकाळच्या चित्रात पहाटेची कोर दिसली की हसतो.

सुई पेनसारखी सैल धरा. ग्राउंड बाजूला सारून तांब्याला केवळ स्पर्श व्हावा एवढाच दाब द्या. तांबे ओरखडायचे नाही, पण ग्राउंडचा पापुद्राही रेषेत उरता कामा नये. तिरप्या प्रकाशात प्रत्येक रेष अखंड चमकते का, ते पाहा.

आता या लेखातली सर्वांत उपयोगी सूचना. रेषांमधले अंतर छटेवरून ठरवू नका, आम्लातल्या वेळेवरून ठरवा. फिकट आकाशाच्या रेषा आम्लात थोडाच वेळ राहणार असल्याने त्या अगदी जवळजवळ असल्या तरी चालतात. पुढच्या काळ्याकुट्ट झाडीच्या रेषा मात्र तासभर राहणार असतात. आम्ल खाली खाते तसे बाजूलाही खाते आणि जवळच्या रेषांमधली भिंत कोसळून एक रुंद, उथळ खड्डा तयार होतो. पुसताना खड्ड्यातली शाई निघून जाते आणि जिथे सर्वांत गडद काळा हवा तिथे करडा डाग येतो. म्हणून गडद भागातल्या रेषा आत्ता विरळ ठेवा. हाताला हे अजिबात पटत नाही, काळ्या जागी जास्त रेषा ओढाव्यात असेच वाटत राहते. त्यांच्यावरून जाणाऱ्या आडव्या रेषा दुसऱ्या फेरीत येणार आहेत.

७. चाचणी पट्टी करा

कापून ठेवलेल्या पट्टीवर ग्राउंड द्या, पाच चौकोन आखा आणि प्रत्येकात उभ्या रेषांचा एक विरळ आणि एक दाट गट काढा. पट्टी फेरिकमध्ये ठेवा आणि ४, ८, १६, ३२ व ६४ मिनिटांनी एकेक चौकोन लाखेने झाका. वेळ दर वेळी दुप्पट का, तर रेषेतला फरक डोळ्याला जाणवण्यासाठी. दहा-दहा मिनिटे वाढवत गेल्यास शेवटचे चौकोन सारखेच दिसतात. पट्टीचा ठसा काढून त्याखाली मिनिटे, त्या दिवशीचे तापमान आणि फेरिक ताजे होते की वापरलेले, हे लिहून ठेवा. मे महिन्यातल्या उकाड्यात आणि डिसेंबरच्या पहाटे तेच द्रावण वेगवेगळ्या वेगाने काम करते, त्यामुळे दुसऱ्याच्या वहीतल्या वेळा उतरवून घेण्यात काही अर्थ नसतो.

८. आम्ल आणि झाकण

फेरिक खड्यांच्या किंवा पुडीच्या रूपात आणले असेल तर ते पाण्यात थोडे थोडे टाका, त्यावर पाणी ओतू नका. द्रावण तापते आणि झोंबणारी वाफ येते. तयार द्रावण असेल तर साधारण तेवढेच पाणी घालून पातळ करा. दाट द्रावण अधिक जोमाने चावेल, ही समजूत चुकीची आहे. फार दाट फेरिक चिकट असते आणि रेषेत शिरायला वेळ लावते. ॲल्युमिनियमचे कोणतेही भांडे जवळ आणू नका, त्याच्याशी फेरिकची तीव्र अभिक्रिया होते. स्टीलच्या सिंकलाही ते खड्डे पाडते आणि फरशीवरचा पिवळा डाग जन्मभर राहतो. एक ट्रे फेरिकचा, दुसरा पाण्याचा, तिसरा व्हिनेगरचा. हातमोजे आणि चष्मा पहिल्या मिनिटापासून घाला, खिडक्या उघड्या ठेवा आणि लहान मुले व जनावरे त्या दिवशी दुसऱ्या खोलीत असू द्या.

फेरिकमध्ये रेषांत गाळ साचतो आणि कुरतडणे मंदावते. म्हणून प्लेट पालथी ठेवा. चार कोपऱ्यांवर थर्मोकोलचे तुकडे चिकटवले तर ती तरंगते आणि गाळ खाली पडतो. द्रावण तपकिरी आणि अपारदर्शक असल्याने रेषा दिसत नाहीत, म्हणून घड्याळावरच विसंबावे लागते.

आता ३ ऱ्या पायरीवरचा आकड्यांचा कागद समोर घ्या. १ क्रमांकाच्या जागी रेषा नाहीतच. पहिल्या चार मिनिटांनंतर प्लेट बाहेर काढा, पाण्यात धुवा, व्हिनेगरमध्ये क्षणभर बुडवून रेषांतला गंजाळ रंग घालवा, पुन्हा धुवून हलकेच वाळवा. आता २ क्रमांकाचे भाग, म्हणजे चंद्राभोवतीचे आकाश आणि क्षितिजावरचे धुके, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेने बारीक ब्रशने झाका. स्पिरिट मेणाला विरघळवत नाही, म्हणून ग्राउंड खाली सुरक्षित राहते. लाख पूर्ण वाळल्यावर प्लेट पुन्हा चार मिनिटे ठेवा, एकूण आठ झाली. आता दूरचे डोंगर झाका. मग आणखी आठ मिनिटे आणि मधली झाडी. मग आणखी सोळा मिनिटे आणि जवळची झाडी. शेवटच्या बत्तीस मिनिटांत फक्त अगदी पुढची मुळे, खोडांच्या सावल्या आणि उजेडासमोर उभा असलेला काळा आकार एवढेच उघडे राहील. तुमच्या चाचणी पट्टीने वेगळ्या वेळा सांगितल्या असतील तर त्या वापरा.

झाकण्याच्या या कामात घाई झाली की चित्र नकाशासारखे दिसू लागते. आकाश एका सरळ रेषेत झाकले तर तिथे छटेची पायरी पडते आणि ती नंतर जात नाही. म्हणून लाखेची कड नेहमी एखाद्या आकारात विरवा: पानांच्या झुपक्यात, ढगाच्या घडीत, गवताच्या पात्यांत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मोठे भाग झाकून झाले की सर्वांत टोकदार ब्रश घेऊन गडद झाडीतही इथे-तिथे लाखेचे सूक्ष्म ठिपके ठेवा. एका पानाची कड, फांदीवर पडलेला चंद्रप्रकाश, दोन दगडांमधली फट. त्या ठिपक्यांखालच्या रेषा बारीकच राहतात आणि भोवतालच्या खोल रेषांमध्ये उजळून निघतात. पामरच्या झाडीतला श्वास बव्हंशी अशा झाकण्यातून आलेला आहे. कितीही संयम असला तरी साठाव्या ठिपक्याला मान आखडते, तेव्हा उठून चहा घ्या. प्लेट पाण्याबाहेर, कोरडी असेल तर तिला घाई नसते.

ग्राउंडमध्ये सुईशिवाय पडलेली छिद्रे हा आणखी एक सापळा आहे. आकाशात अवचित काळे ठिपके येतात ते याच कारणाने. दर वेळी प्लेट बाहेर काढल्यावर भिंगातून पाहा आणि दिसेल ते छिद्र लगेच लाखेने बुजवा.

वापरलेले फेरिक गटारात ओतू नका, कारण त्यात विरघळलेले तांबे पाण्यातल्या जिवांना मारते. बाटलीत साठवून पुन्हा वापरता येते. अगदीच मंदावल्यावर त्यात धुण्याचा सोडा हळूहळू घालून फेस शमू द्या, खाली बसलेला गाळ गाळून वाळवा आणि कार्यशाळेच्या घातक कचऱ्यात द्या.

९. पहिला ठसा आणि दुसरी फेरी

लाख स्पिरिटने आणि ग्राउंड टर्पेंटाइनने काढून ठसा घ्या. तो बहुधा फिकट आणि जरा पोकळ दिसेल. गडद भागांत रेषा मुद्दाम विरळ ठेवल्या होत्या, म्हणून तो तसाच असायला हवा. पामर एकाच प्लेटचे लागोपाठ ठसे काढून तपासत असे आणि प्रत्येक वेळी थोडी भर घालत असे.

प्लेट पुन्हा तेलमुक्त करून नवे ग्राउंड द्या, पण या वेळी काजळी लावू नका, म्हणजे पारदर्शक थरातून जुन्या रेषा दिसत राहतील. त्या जुन्या खाचा ग्राउंडने पूर्ण भरल्या आहेत याची खात्री करा. आता गडद भागांवर वेगळ्या दिशेने दुसरे जाळे टाका आणि पुन्हा मोजून आम्लात ठेवा. दोन खोल जाळी एकमेकांना छेदतात तेव्हा काळा खरा काळा होतो आणि मधली छिद्रे उघडी राहतात. तिसरी फेरी लागली तर तीही करा, पण प्रत्येक फेरीआधी ठसा घ्या.

एखादा भाग जास्त काळा झाला तर स्क्रेपरने तांबे खरवडून बर्निशरने तेल लावून घासा. चंद्राभोवतीचे वलय असे छान मऊ करता येते. मात्र घासून आणलेला पांढरा आणि राखून ठेवलेला पांढरा यांत फरक राहतोच, तेव्हा दिव्याची जागा घासण्यावर सोडू नका.

१०. छपाई

कागद सुती लगद्याचा, मऊ आणि कमी खळीचा घ्या. पुण्यातल्या हातकागद संस्थेचे काही कागद सरावाला चांगले पडतात; अंतिम ठशांसाठी आयात केलेला एचिंगचा कागद परवडत असेल तर घ्या. कागद अर्धा तास भिजवून, टिपकागदात दाबून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवा. छापताना त्यावर पाण्याची चकाकी दिसता कामा नये.

शाई थंडीत घट्ट झालेल्या मधासारखी हवी. पुठ्ठ्याच्या तुकड्याने ती सगळ्या दिशांनी खाचांत भरा, जादाची खरवडून काढा, मग टार्लटनचा सपाट गोळा करून गोल गोल, हलक्या हाताने पुसा. कापड बोटांनी दाबले तर ते खाचांतली शाई ओढून काढते. शेवटी तळहाताला खडूची पूड लावून पृष्ठभागावरून फिरवा. रात्रीच्या चित्रात आकाशावर शाईचा अगदी पुसट पडदा राहू दिला तर तो शोभतो. मग कापसाच्या काडीला खडू लावून चंद्र आणि दिवा तेवढे लख्ख पुसा.

मऊ कापड रेषांवरून हलकेच फिरवून शाई थोडी बाहेर ओढण्याची एक युक्ती आहे, तिला रेट्रुसाज म्हणतात. तिने छटा मखमली होतात आणि नवख्याला ती पहिल्याच दिवशी आवडते. पामरला तिचा अतिरेक मान्य नव्हता, कारण त्याने जी छिद्रे महिनोन्‌महिने राखली तीच या ओढलेल्या शाईने बुजतात. माझे मत असे की पहिले काही ठसे रेट्रुसाजशिवायच काढावेत. प्लेटमध्ये उणीव असेल तर ती झाकली न जाता समोर येते.

प्लेटच्या उतरत्या कडा स्वच्छ पुसून ती यंत्राच्या पाटावर ठेवा, वर ओलसर कागद, त्यावर पातळ कागद आणि फेल्टचे थर. चाक एकाच संथ गतीने फिरवा, मध्ये थांबू नका, नाहीतर तिथे आडवी खूण उमटते. ठसा कोपऱ्यातून सावकाश उचला. रेषा तुटक आल्या असतील तर क्रमाने तीन गोष्टी तपासा: कागद कोरडा होता का, दाब कमी होता का, पुसणे जास्त झाले का. आम्लाला दोष देण्याची वेळ या तिन्हींनंतर येते.

ठसे टिपकागदांत ठेवून वर फळी ठेवा आणि टिपकागद रोज बदला. जून ते सप्टेंबर या काळात एखादा दिवस चुकला तरी बुरशी धरते.

११. सही, नोंद आणि प्लेटची जपणूक

ठशाखाली पेन्सिलीने डावीकडे क्रमांक, मध्ये शीर्षक, उजवीकडे सही करा. वीस ठशांची आवृत्ती ठरवली असेल तर ३/२० असे लिहितात आणि वीसनंतर थांबतात. चाचणीचे ठसे त्यात मोजत नाहीत.

पामरच्या मृत्यूनंतर त्याच्या अपुऱ्या प्लेट्स मुलगा आल्फ्रेड हर्बर्ट याने पूर्ण केल्या आणि त्या व्हर्जिलच्या गोपकाव्याच्या पामरकृत भाषांतरात १८८३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. व्यवस्थित ठेवलेली प्लेट अशी पुढच्या माणसाच्याही कामी येते. छपाई संपल्यावर खाचांतली शाई टर्पेंटाइन आणि मऊ ब्रशने पूर्ण काढा, कारण वाळलेली शाई पुढच्या वेळी रेषा बंद करते. मग पृष्ठभागावर व्हॅसलीनचा पातळ हात देऊन प्लेट मेणकागदात गुंडाळा आणि हवाबंद पाकिटात ठेवा. चाचणी पट्टीचा ठसा, आकड्यांचा कागद आणि प्रत्येक फेरीच्या मिनिटांची नोंद त्याच पाकिटात घाला; दुसरी प्लेट सुरू करताना तीच वेळापत्रके प्रथम लागतील.